बाबांची एमएम ५४० विकू की ठेवू, आणि थारचं काय?

अकोले तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय, थोडं कापून देतोय:

"काका, नमस्कार. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०, फोर व्हील वाली, शेडमध्ये उभी आहे. चार वर्षं चालू केलेली नाही. आरसी अजून बाबांच्याच नावावर, मुदत २०२१ मध्येच संपलीय. एक जण दोन लाख द्यायला तयार आहे, कागद नसले तरी चालेल म्हणतो. भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो देऊन टाक, त्यात भर घालून थार घेऊ. आणि म्हणतो ही काही खरी जीप नाही, अमेरिकन गाडीची कॉपी आहे, एवढं काय धरून बसायचं. मी गाडी शिकले ती ह्याच जीपवर, बाबांनी शिकवली. मला विकवत नाहीये. पण घरात आई आहे, तिचे गुडघे दुखतात, मुलं दोन, माझी शाळा राजूरच्या पुढे, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. कर्ज काढून पंधरा लाखांपर्यंत जमेल. काय करू?"

हे बघ, आधी सरळ उत्तर देतो कारण गिऱ्हाईक दारात आहे. त्या माणसाला जीप देऊ नको. पुढेमागे विकायची की नाही ते नंतर ठरव, पण ह्या माणसाला आणि अशा पद्धतीने तर नाहीच नाही.

कागद नसले तरी चालेल म्हणणारा माणूस गाडी स्वतःच्या नावावर करून घेणार नाहीये, हे धरून चाल. मग ती गाडी कुठेही फिरली, कुणाला धडकली, कशात सापडली, तर आरसीवर नाव तुझ्या बाबांचं. रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक आणि नुकसानभरपाईला तोच जबाबदार, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अगदी स्पष्ट सांगितलंय, आणि बाबा नाहीत म्हटल्यावर निस्तरायला तू आणि तुझा भाऊ. दुसरं म्हणजे जुन्या एमएम ५४० ची आरसी हीच काही लोकांना गाडीपेक्षा जास्त हवी असते. चॅसी म्हणजे खालचा सांगाडा वेगळा, बॉडी नवी ठोकलेली, इंजिन तिसऱ्याच गाडीचं आणि कागद मात्र कुणाच्या तरी वडिलांच्या जीपचे, अशा जुळणीच्या गाड्या बाजारात आहेत आणि घेणारा पुढे आरटीओत अडकून बसतो. तुझ्या बाबांचे कागद अशा कामाला जायला नकोत.

तेव्हा पहिलं काम कागदांचं, मिस्त्रीचं नंतर. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. नियमाप्रमाणे तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तो काळ गेलाय, म्हणजे दंड भरावा लागेल पण काम होतं, घाबरू नको. मृत्यूचा दाखला लागेल, आई आणि भाऊ दोघांची संमती लिहून लागेल, आणि भावाची सही इथेच लागणार आहे म्हणून त्याच्याशी आत्ता वाद घालू नको, त्याच्यावर खाली लिहितो. नाव कुणाचं लावायचं तर माझं मत तुझं, कारण चालवणार तू आहेस. मग रजिस्ट्रेशनची मुदत वाढवणं. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं आणि पुढे दर पाच वर्षांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी २००६, २०११, २०१६ अशी न चुकता वाढवलेली दिसतेय, माणूस व्यवस्थित होता. आता २०२१ पासूनचा उशीर आहे, त्याचा दंड महिन्याच्या हिशोबाने लागतो, आणि वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय. वर ग्रीन टॅक्स म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, पीयूसी, थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी). सगळं मिळून बरीच रक्कम होते हे मान्य, पण ही रक्कम भरलेली, कागद साफ असलेली, ओरिजिनल फोर बाय फोर जीप आणि शेडमधली मुदत संपलेली जीप ह्यांच्या किमतीत खूप फरक आहे. उद्या विकायचीच ठरली तरी हा खर्च वाया जात नाही.

अर्थात रिन्यूअलला गाडी आरटीओला दाखवावी लागते, म्हणजे ती चालती हवी, ब्रेक हवेत, लाईट हवेत. त्याआधी फुकटात होणारं एक काम कर. आरसी हातात घे आणि चॅसी नंबर, इंजिन नंबर दोन्ही गाडीवर शोधून जुळवून बघ. गंज आणि चिखल असेल तर डिझेलच्या फडक्याने पुसून, तारेचा ब्रश हलक्या हाताने, ग्राइंडर अजिबात लावू देऊ नको कुणाला. चॅसी नंबर जुळला की निम्मी चिंता गेली. इंजिन नंबर नाही जुळला तर त्याला कारण असू शकतं, तेही पुढे सांगतो.

आता भावाचं ते कॉपीचं बोलणं. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण हे चुकीचं आहे आणि आपल्याकडे बरेच जण असंच बोलतात.

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती आणि ती पण घाईने, पहिला नमुना ४९ दिवसांत द्या म्हणाले. बॅण्टम नावाच्या छोट्या कंपनीने तो दिला, पण बॅण्टमची एवढ्या गाड्या बनवायची ताकद नव्हती, मग विलीज आणि फोर्ड ह्यांच्याकडे काम गेलं. विलीजकडे इंजिन दमदार होतं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं, म्हणून शेवटी त्यांचंच डिझाइन पक्कं झालं आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी, साध्या लोकांसाठी म्हणून सीजे नावाने काढली.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ ला जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे भाऊ आणि गुलाम मोहम्मद अशा तिघांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली, धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. कैलाशचंद्र युद्धाच्या काळात सरकारच्या कामाने अमेरिकेत होते, तिथे त्यांनी ही गाडी बघितली, आपल्या कच्च्या रस्त्यांना हीच चालेल हे ओळखलं आणि १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली. सुटे भाग विलीजकडूनच यायचे. पुढे रीतसर लायसन्स घेऊन इथेच बनवायला लागले, सीजे ३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल, ते आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिलं, अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झालं त्यानंतरही. जुन्या फोटोंत तहसीलदार, फॉरेस्टवाले, पाटबंधारेवाले ज्या गाडीतून उतरताना दिसतात ती बहुतेक हीच. जपानमध्ये मित्सुबिशीने असंच लायसन्स घेऊन बनवली आणि ती १९९८ पर्यंत चालू होती. म्हणजे ही परवानगी घेऊन, पैसे मोजून, मूळ कंपनीच्या नकाशांवर बनवलेली गाडी आहे. कॉपी नाही.

एमएम ५४० ऐंशीच्या दशकात आली. चॅसी, पुढे-मागे पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दोन्हीकडे चाकं जोडणारा एकसंध सरळ सॉलिड अ‍ॅक्सल, ही सगळी मांडणी विलीजच्या घराण्यातली. डिझेल इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजोचं, २११२ सीसी, आणि ते बनायचं आपल्या इगतपुरीला. म्हणजे तुझ्या बाबांच्या गाडीचं काळीज कळसूबाईच्या पलीकडच्या अंगाला बनलेलं आहे, भावाला हे नक्की सांग.

भाऊ जे बोलतो त्याला थोडा आधार आहे, तो पण सांगतो म्हणजे तुझ्याकडे पूर्ण माहिती असेल. जीप हा ब्रँड विलीजकडून कायझरकडे गेला, १९७० मध्ये एएमसीकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे, आणि आता तो स्टेलांटिस कंपनीचा आहे, त्यांची कंपास आपल्या रांजणगावलाच बनते. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची छोटी गाडी काढली, फक्त रस्त्याबाहेर चालवायची, तेव्हा जीपच्या मालकांनी हरकत घेतली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तिचं रूप जीपच्या फार जवळ जातंय म्हणून विक्रीवर बंदी आणली, मग महिंद्राने तिचं तोंड बदललं. पण तो वाद रॉक्सरचा, अमेरिकेतल्या विक्रीचा. १९९१ च्या एमएम ५४० शी त्याचा काही संबंध नाही.

आणि थार? २०१० ला पहिली थार आली ती दिसायला जुन्या सीजेसारखी, मागे पाटेच, पण पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं, आणि इंजिन २.५ लिटर सीआरडीई डिझेल, १०५ हॉर्सपॉवर. २०१९ मध्ये शेवटच्या ७०० गाड्या काढून ती बंद केली. मग २ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीला बरोबर ७५ वर्षं झाली त्या दिवशी, नवी थार आली, आणि ही मात्र सगळीच वेगळी गाडी आहे. शिडीसारखी लॅडर चॅसी आहे, मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, पण पाटे गेले, चारी बाजूंना कॉइल स्प्रिंग, टर्बो पेट्रोल नाहीतर २.२ डिझेल, ऑटोमॅटिकसुद्धा मिळते, ग्लोबल एनकॅप ह्या धडक-सुरक्षा चाचणीत चार स्टार. नाव-चेहरा पाहून घराणं ओळखू येतं पण चालवायला बसलीस की बाबांच्या जीपशी काही नातं जाणवणार नाही. म्हणूनच एक विकून दुसरी घ्यायची हा हिशोबच मला पटत नाही, ह्या एकमेकींच्या बदली गाड्याच नाहीत.

आता मेन मुद्दा, एमएम ५४० घरात ठेवणं म्हणजे काय. मी जुन्नरकडचा, आमच्याकडे ही गाडी कित्येक वर्षं होती म्हणून अनुभवाचं लिहितोय.

चार वर्षं उभी राहिलेली डिझेल गाडी बॅटरी आणून लगेच सेल्फ मारायचा नाही. हे मिस्त्रीलाही बजावून सांग कारण सगळ्यांना चालू करून दाखवायची घाई असते. आधी टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढायचं, चार वर्षांत त्यात पाणी आणि गाळ होतो, टाकी धुवायची, फिल्टर बदलायचे. इंजिन ऑइल काढून नवीन. हीटर प्लग काढून त्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवून बघायचं, फिरलं तर छान. अडकलं तर जोर लावायचा नाही, मग इंजिन उघडणंच बरं. डिझेल पंप आणि नोझल काढून चांगल्या पंपवाल्याकडे टेस्टला द्यायचे, इथे पैसे वाचवायला जाऊ नको, प्यूजो इंजिनचं निम्मं आरोग्य पंपात आहे. रेडिएटर साफ, सगळे रबरी होस नवीन, थर्मोस्टॅट तपासायचा. ह्या इंजिनला पाणी कमी पडलेलं चालत नाही, एकदा तापलं की हेडवर जातं आणि मग खर्च मोठा. ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर धरलेले असणारच, ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन टाक. क्लच प्लेट चिकटलेली असू शकते. वायरिंग उंदरांनी ठेवलं असेल तर नशीब, नाहीतर पूर्ण नवीन ओढून घे, जुन्या गाडीला फार वायरिंग नसतं. आणि टायर, दिसायला कितीही चांगले असले, नक्षी पूर्ण असली तरी चार वर्षं एका जागी उभे राहिलेले जुने टायर घेऊन घाटात जायचं नाही.

ह्याच्यानंतर खालून बघायचं. चॅसीवर जिथे पाट्यांचे ब्रॅकेट येतात तिथे गंज आहे का, क्रॉस मेंबर ठोकला की आवाज कसा येतो, फरशीचा पत्रा पायाखाली दबतो का. पत्रा बदलता येतो, त्याचं काही नाही. चॅसीच खाल्लेली असेल, वेल्डिंगवर वेल्डिंग असेल, तर मात्र मी म्हणेन ठेवू नको, कागद नावावर करून नीट सांगून सवरून विक किंवा रीतसर स्क्रॅप सेंटरला दे. हा एकच निकष आहे माझा. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं दुरुस्त होतं, त्याचे पार्ट आजही मिळतात, पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि गावोगावचे जुने मिस्त्री ज्यांनी आयुष्यभर ह्याच गाड्या खोलल्यात. पण असा मिस्त्री तुझ्या जवळपास आहे का हे आधी बघ. संगमनेरला, राजूरला विचार. बाबांची गाडी कोण करायचं? तो माणूस अजून काम करत असेल तर त्याच्याकडेच जा, त्या गाडीत कधी काय बदललं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल, आरसीतसुद्धा ते नसतं.

तर इंजिन नंबरचं. तुझ्या वर्षाची गाडी कंपनीतून प्यूजो इंजिन घेऊनच आली असणार. पण पुढे अनेकांनी ते काढून महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवलं, मायलेज आणि खेचायला बरं म्हणून. बाबांनी तसं केलं असेल आणि आरसीवर चढवलं असेल तर काहीच प्रश्न नाही. चढवलेलं नसेल तर ते आधी आरटीओत मांडून विचार, इंजिनची बिलं घरात कुठे फाइलमध्ये असतील ती शोध, सापडली तर फार सोपं जाईल.

आणि दुरुस्ती करताना कुणीतरी तुला सांगेल की आता एवढं करताच आहात तर मोठे टायर टाका, लोखंडी बंपर, वरती लाईटची पट्टी, रोल केज, सीट बदलू, वगैरे. नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी मोठ्या टायरने स्टेअरिंग अजून जड होतं, व्हील बेअरिंग आणि किंगपिन लवकर जातात, गाडी उंच झाली की वळणावर कलंडायची भीती वाढते. बाबांनी चालवली तशीच ठेव. हिरवी असेल तर हिरवी, जो काय रंग असेल तो.

चालवायला कशी आहे हे तुला मी काय सांगू, तू त्याच गाडीवर शिकलीस. पण तेव्हा तू शेजारी बाबा बसलेले असताना चालवत होतीस, आता रोज शाळेला एकटी जाणार असशील तर विचार वेगळा करावा लागतो. पॉवर स्टेअरिंग नाही, चारही ब्रेक ड्रमचे, फरशी पुलावरच्या पाण्यातून गेलं की पुढे काही वेळ ब्रेक लागतच नाहीत, ते हळू दाबत दाबत सुकवून घ्यावे लागतात. एअरबॅग सोडच, नीट सीट बेल्ट नाहीत. मागची समोरासमोरची बाकडी मुलांसाठी अजिबात सुरक्षित नाहीत, ह्या एका गोष्टीवर मी अडून बसेन, मुलांना मागे बसवून हायवेला न्यायचं नाही म्हणजे नाही. हूड कितीही नवीन शिवलं तरी जुलै-ऑगस्टात डाव्या खांद्यावर पाणी येणारच. वेग पन्नास-साठच्या आत आनंदाचा, त्याच्यावर नुसता आवाज.

पण पावसाळ्यात तुमच्याकडे बांधावरून शेतात जायचंय, खाचरापर्यंत रोपं, खताच्या गोण्या न्यायच्यात, तांबडी माती लोण्यासारखी झालीय, तेव्हा लो गिअर टाकून पहिल्यात सोडली की ही गाडी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता चढते आणि तशीच ब्रेकला पाय न लावता उतरते. बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, चाक कुठे आहे ते कळतं. काही बिघडलं तर दोन पाने आणि एक माणूस असला की रस्त्यात उभं राहून होतं. हे सुख नवीन गाडीत नाही, मी दोन्ही चालवून सांगतोय. तेव्हा जीपला शेताचं काम दे, राजूरच्या बाजाराचं काम दे, महिन्यातून चार वेळा तरी चालू राहिली पाहिजे, उभ्या गाडीला जास्त खर्च लागतो. रोजच्या शाळेला आणि आईला दवाखान्यात न्यायला ही गाडी नाही.

त्यासाठी थार? तीन दरवाजांची थार तर नको. मागे बसायला पुढची सीट पाडून चढावं लागतं, आईला गुडघे दुखत असताना ते जमणार नाही, आणि आई पुढे बसली तर मुलं मागे, सामानाला जागाच उरत नाही. चारच माणसांची गाडी आहे ती, आणि तुम्ही तर नवरा धरून पाच जण. आवड म्हणून दुसरी गाडी म्हणून कुणी घेत असेल तर छानच आहे, चिखलात, दगडांत ती खरोखर जाते, पाण्यातून ६५० मिमीपर्यंत जाईल असं कंपनी सांगते. पण तुझी आवडीची गाडी तर आधीच शेडमध्ये आहे ना!

पाच दरवाजांची थार रॉक्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, ती घरच्या माणसांचा विचार करून काढलीय. व्हीलबेस २८५० मिमी म्हणजे तीन दारीपेक्षा ४०० मिमीने लांब, मागे नीट बसता येतं, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला, भारत एनकॅपमध्ये पाच स्टार. पण फोर बाय फोर फक्त डिझेलला आणि वरच्या व्हेरियंटला, ते तुझ्या पंधरा लाखांत बसणार नाही, बसवायला कर्ज वाढवू नको. तुझ्या बजेटमध्ये येईल ती खालची, मागच्या चाकांवर चालणारी. आणि मी विचारतो, राजूरच्या पुढच्या शाळेपर्यंत डांबरी रस्ता आहे ना? खड्डे आहेत, दरड येते, धुकं असतं, सगळं खरं. पण त्याला फोर व्हील लागत नाही. त्याला चांगले टायर, उंची, चांगले ब्रेक, मागची काच पुसणारा वायपर आणि धुक्यात दिसणारे दिवे लागतात. हे सगळं रॉक्सच्या अर्ध्या-पाऊण किमतीच्या साध्या छोट्या एसयूव्हीत मिळतं. बोलेरोचाही विचार करायला हरकत नाही, तालुक्याच्या ठिकाणी कुणीही दुरुस्त करतो, पण पुढे-मागे बसून, घाटात चालवून, एअरबॅग किती आहेत ते विचारून मग. किमती सारख्या बदलतात म्हणून ऑन-रोड आकडा इन्शुरन्ससकट लेखी घे.

फोर व्हीलबद्दल दोन गोष्टी मात्र आत्ताच लिहून ठेवतो कारण जीप चालू झाली की लागतील. एक, कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून चालवायचं नाही. ह्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधला जातो, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर तो निघत नाही आणि सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. दुसरं, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. जीप असो, थार असो, कंपनीने कितीही मिमी सांगितलेले असोत, ते आकडे उभ्या पाण्याचे असतात. वाहतं पाणी गुडघ्याइतकं असलं तरी गाडी बाजूला ढकलतं आणि खाली फरशी राहिलीय की वाहून गेलीय हे वरून दिसत नाही. दरवर्षी ह्यात माणसं जातात, आणि बहुतेक वेळा गाडी दणकट आहे ह्या भरवशावरच गेलेली असतात. शाळेला उशीर झालेला परवडला. तसंच भंडारदरा, घाटघर, रतनवाडी हा सगळा अभयारण्याचा भाग, तिथे रस्ता सोडून गवतात, सड्यावर गाडी घालायची नाही, पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडून येणारे लोक घालतात आणि एका शनिवार-रविवारात चाकोऱ्या पडतात, तू तिथलीच आहेस, तू ते थांबवणाऱ्यांत असावंस.

राहिला भाऊ. तो वाईट म्हणत नाहीये, त्याला वाटतंय बहिणीकडे सुरक्षित गाडी असावी आणि शेडमध्ये पडलेल्या वस्तूचे दोन पैसे व्हावेत. पण जीप वारसाहक्काने तिघांची आहे, एकट्या तुझी नाही, हे तूही मनात धर. तेव्हा त्याला फोनवर "बाबांची आठवण" एवढंच सांगू नको, त्यावर तो काय बोलणार, तोही त्यांचाच मुलगा आहे. त्याला सांग, आधी आपण कागद करू, चॅसी बघू, मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा लेखी घेऊ, मग आजच्या किमतीप्रमाणे तुझा हिस्सा काय होतो तो ठरवू आणि तो मी तुला देते, नाहीतर दुरुस्तीत अर्धा खर्च तू घाल आणि गाडी दोघांची. जो पर्याय त्याला बरा वाटेल तो त्याला निवडू दे. आणि संमतीपत्रावर सही घ्यायला पुण्याला जाऊ नको, त्याला इकडे बोलाव, शेडमधून ती जीप ढकलत बाहेर काढायला दोन माणसं लागणारच आहेत.

ह्या आठवड्यात एवढंच कर, त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव, बाबांची फाइल शोध, चॅसी नंबर पुसून वाच. आईला घेऊन दोन-तीन शोरूमला जा आणि प्रत्येक गाडीत तिला स्वतःहून चढू-उतरू दे, कुणी हात द्यायचा नाही. जिच्यात ती कुरकुर न करता चढेल त्या गाड्यांचीच पुढे चौकशी कर. आणि चॅसी कशी निघाली, इंजिन प्यूजो आहे की डीआय, ते मला लिहून पाठव, त्याप्रमाणे मिस्त्रीकडून काय काय करून घ्यायचं ते मी सविस्तर सांगतो.